फाटके कपडे, कडक इस्त्री

५ मार्च

"हे वेढ्यात अडकलेले उपाशी लोक आहेत की लग्नाला निघालेले?" — दिग्दर्शक, सगळ्यांसमोर. नटमंडळी हसली.

मध्ययुगातल्या गावकऱ्यांचे अंगरखे. जाडंभरडं कापड, बाजूला नाड्या, बटण एकही नाही. खपून शिवले, आणि म्हणे नवे दिसतात! नवेच आहेत. रंगीत तालमीपर्यंत जुने दिसले नाहीत तर भाड्याने आणणार. मग माझं इथलं काम संपलंच.

६ मार्च

बाबांना सांगितलं. जन्मभर शिलाईचं दुकान चालवलं त्यांनी. सुई धरायला मी त्यांच्याकडूनच शिकले. जरा विचार करून म्हणाले, "किसणी आण."

कोपरांवर किसणी घासली. अंगरखे चहाच्या पाण्यात बुडवले. नाटकातल्या म्हातारीची बाही तर बाबांनी स्वतः दातांनी टरकावली. "गिऱ्हाइकाचं नुकसान करण्यात एवढी मजा असते हे आधी कळलं असतं तर!" पोट धरून हसत होते.

९ मार्च



तालमीहून आले तर सगळे अंगरखे धुतलेले. रफू केलेले. कडक इस्त्री करून घडी घातलेले! बाबा शांतपणे म्हणतात, "फाटका कपडा माझ्या दुकानातून बाहेर जात नाही."

मुद्दाम केलं. माझ्या कामाला ते आधीपासून सोंगांचे कपडे म्हणतात. मी म्हटलं, "सरळ सांगा ना, हे काम सोड म्हणून." जेवले नाहीत. मीही नाही.

१० मार्च

पुन्हा किसणी, पुन्हा चहा. एकटीने. म्हातारीची बाही बाबांनी फाडली होती तिथेच पुन्हा उसवली. बोटं सोलली.

एकेक शब्द सुटा करून सांगितलं — हे मळकेच हवेत, हात लावायचा नाही. "कळलं गं. कुकुलं बाळ आहे का मी?"

वडिलांशी असं बोलतात का? दिवसभर बोचतंय. राग मात्र तसूभर कमी नाही.

११ मार्च

बोलले नाही त्यांच्याशी.

१२ मार्च

दिग्दर्शकांनी अंगरखे पाहिले. "आता भूक दिसते." बस, एवढंच. माझ्यासाठी पुष्कळ झालं. फक्त म्हातारीचा अंगरखा घरी आणलाय, नाडी बदलायला. कपाटात वर ठेवलाय, बाबांच्या नजरेआड.

१३ मार्च

आज रंगीत तालीम. सकाळी बघते तर कपाट उघडं, बाबा खिडकीशी, मांडीवर म्हातारीचा अंगरखा. बाही निम्मी जोडून झालेली. मी भांडायला तोंड उघडलं.

त्यांनी उरलेली फाटकी कड उजेडात धरली, मला दाखवली. थट्टा करत नव्हते.

"दातांनी फाडलीय गं कुणीतरी. एवढा कसला राग असेल माणसाला?"