साळूचे अकरा दिवस

तांबट आळी, नाशिक
१९ ऑगस्ट १९३८

प्रिय गोरक्ष,

तुझं सविस्तर पत्र काल मिळालं. कोबेत डोंगरावरून पाणी आणि दगड कसे खाली आले, सगळ्या वस्तीला वरच्या शाळेत कसं हलवलं, घरमालकिणीच्या म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन तू कसा चढलास, मग तापानं किती दिवस पडून होतास, सगळं आईला दोनदा वाचून दाखवलं. इनॅमलचा कारखाना पुन्हा सुरू झाला की तुझं शिक्षणही सुरू होईल, हे ऐकून दादांना बरं वाटलं. त्यांचा खोकला आहेच.

आता इकडचं. लग्नानंतर वर्षभरात तू बोटीत बसलास, त्यामुळे साळू तुझ्यापेक्षा माझ्याच सहवासात जास्त राहिली. नऊ जुलैला तुझ्या ओळखीच्या व्यापाऱ्याची तार आली. घर वाहून गेलं, गोरक्ष सापडत नाही, एवढंच. पोस्टमास्तरांनी मराठीत सांगितलं. दादा म्हणाले, आठ दिवस वाट पाहू. मी म्हणाले, कशाची? तोवर आळीतल्या बायका जमल्या होत्या. साळू चुलीपुढून उठून आली, हाताला पीठ तसंच. म्हणाली, "अक्का, तारेत सापडत नाहीत असं आहे. गेले असं नाही." मी म्हणाले, "इतक्या लांबून दोन्ही एकच." तिला न्हाणीघरात नेलं, कुंकू पुसलं आणि वरवंट्यानं बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात रुतली. ती रडली नाही. अकरा दिवस मागच्या खोलीत बसून राहिली. ताट मीच नेऊन ठेवत असे. रोज एकच विचारायची, "आज तार आली?"

वीस तारखेला तुझी तार आली. आईनं लगेच कासारणीला बोलावलं. साळूनं आरशापुढे बसून स्वतःच्या हातानं कुंकू लावलं, पण कासारणीपुढे हात केला नाही. म्हणाली, "ते आहेत, मला पुष्कळ झालं. पण या घरात मी बांगड्या भरणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं ती सिन्नरला वडिलांकडे निघून गेली. आईच्या पाया पडली. माझ्या नाही.

दादांनी तुला कळवलंय की ती मंगळागौरीसाठी माहेरी गेली आहे. तसं नाही. पुढच्या डाकेनं त्यांचं दुसरं पत्र येईल. सून हट्टी निघाली, दसऱ्यापर्यंत परतली नाही तर दुसरी मुलगी पाहतो, तुझा होकार कळव, असं. तो देऊ नकोस, एवढ्यासाठी हे पत्र. बांगड्यांचं ते लिहिणार नाहीत, आणि लिहिलंच तर रीत होती म्हणतील. रीत आठ दिवस थांबली असती. घाई मला होती. नऊ वर्षं या घरात मी एकटी उघड्या कपाळानं वावरते आहे. तार ऐकून तुझ्यासाठी पोटात तुटलं, ते खरं. पण साळूचा हात पाट्यावर धरला तेव्हा वाटलं, आता सोबत झाली. आणि मला बरं वाटलं, गोरक्ष. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. शिक्षण संपवून आलास की मुंबईहून थेट सिन्नरला जा. तिला हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

तुझीच,
बयाअक्का