धुण्यात न दिसलेला डाग

३ फेब्रुवारी

बापाला एकट्याला हॉस्पिटलात जाऊ दिलंस आणि तो फोनवर म्हणाला तेच खरं धरून बसलीस, हे मला अजिबात पटलेलं नाही. आधी एवढं वाच, मग पुढचं.

चि. ठकीस अनेक आशीर्वाद. मी ठीक. गुडघे होते तसेच आहेत, त्यांची चौकशी करण्यात कागद घालवू नकोस.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि माझं मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जातं. तुझा बाप तर भिंतीपलीकडेच असतो.

तर ऐक. मुतखड्याच्या त्या जुन्या दोन ऑपरेशनांचा वण किडनीच्या नळीला आवळतो, म्हणून आत प्लॅस्टिकची बारीक नळी घालतात आणि दर चार महिन्यांनी बदलतात. दुसरी किडनी कधीच वाळून गेली, सगळा भार या एकीवर. नळी बदलून आला की दोन-तीन दिवस त्याच्या कपड्यांना लालसर डाग असतो. तो लाजतो, कपडे बादलीच्या तळाशी दडपतो. पण धुणं मी धुते, मला तळ दिसतो. डिसेंबरच्या पंधरा तारखेला जाऊन आला, आणि कपडे कोरे. मला वाटलं, डॉक्टरीणबाईंचा हात बसला. तिथे मी चुकले. आता महिनाभर तो चपला घालताना कमरेला हात लावतो आणि मी पाहिलं की शीळ घालतो. शीळ तो फक्त खोटं लपवताना घालतो, शाळेत होता तेव्हापासून.

विचारलं तर म्हणतो, झालं सगळं, कागद तेवढा हरवला. पाणीखात्यातला फिटर, वीस वर्षांत एक पाना हरवला नाही, आणि कागद हरवला!

हॉस्पिटल तुझ्या गावात आहे. चष्म्याच्या काचा घासणं एक दिवस थांबव आणि खिडकीवर जाऊन विचार. उत्तर लिहून पाठव.

लोभ आहे तेवढा पुरे, आता जरा पाय चालव.

तुझी आजी

८ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि गिऱ्हाइकाची काच हातातून निसटून फुटली. मालकीणबाईंनी माझं तोंड बघूनच सुट्टी दिली.

खिडकीवरच्या माणसाने रजिस्टर काढलं. पंधरा डिसेंबरला बाबांचं नाव दोनदा पुकारलं होतं, पुढे नुसती रेघ. नळी बदललेलीच नाही. तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच मला भीती वाटली. नळी सहा महिने आत आहे. इतक्या दिवसांत तिच्यावर क्षारांची खर चढते, ती बुजते आणि लघवी किडनीतच तुंबते. ही किडनी गेली तर आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागेल, असं त्यांनी सरळ सांगितलं.

त्या दिवशी सकाळी तपासताना त्यांनी बाबांना म्हटलं होतं, की या वेळी प्लॅस्टिकऐवजी धातूचा स्टेंट घालू, वर्षभर निघेल. वण लांब आहे, दोनदा चिरलेल्या जागी पुन्हा कापून जोडणं त्यांना धोक्याचं वाटतं. बाबा हो म्हणाले, बाहेरच्या बाकावर बसले आणि उठून निघून गेले. का, ते बाईंनाही कळलेलं नाही. थंडी वाजून ताप आला तर तासभरही थांबू नका, असं त्यांनी बजावलंय.

मी बाबांना फोन केला. बघू म्हणाले. मग फोनमधून शीळ ऐकू आली. आजी, मला हवं तेवढं बोल, पण त्यांना पाठव.

तुझ्या रागाची आणि मायेची हक्कदार,
ठकी

१२ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

हे पत्र घेऊन तुझा बापच येतोय. पाकीट चिकटवलंय, फोडलेलं दिसलं तर मला कळव.

तुझं पत्र आलं तशी मी त्याची हत्यारांची पिशवी रिक्षात घातली आणि त्याच्या मुकादमाकडे गेले. उचलली रिक्षावाल्याने, टेबलावर आदळली मी. हॉस्पिटलचा कागद दाखवल्याशिवाय याला एक व्हॉल्व्हसुद्धा फिरवू देऊ नका, असं सांगितलं. मुकादमाने पिशवी कपाटात ठेवून कुलूप घातलं. एखाद्या पुरुषाने माझं पहिल्याच फटक्यात ऐकल्याचं हे पहिलंच उदाहरण.

 तुझ्या बापाचं दोन दिवस एकच पालुपद, चालू लाईनला हात लावत नसतात. मी म्हटलं, चालू आहे की ठिबकतेय ते मोजून ये, मग मला शिकव. मोजायची वेळ आली नाही. कालपासून लघवी पेलाभरही नाही, आणि आज न्याहारीला बसला तर अशी थंडी भरली की कप बशीवर वाजायला लागला. शीळ बंद. मग स्वतःच चपला शोधू लागला.

मुकादम गाडीतून आणतोय. मला दोघंही नेत नाहीत. गाडी दारात आहे, आटोपते. त्याला बाकावर एकट्याला बसू देऊ नकोस. शेजारी बस. त्याला आवडलं नाही तरी हात धर.

आजी

३ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

मुकादमांकरवी निरोप पोचला असेलच, आता सविस्तर लिहिते. तुझं पाकीट फोडलेलं नव्हतं, घामाने मात्र ओलं झालं होतं.

आल्या-आल्या पाठीतून किडनीत बारीक नळी घालून तुंबलेलं बाहेर काढलं. पिशवीत आधी गढूळ आलं, मग निवळलं. बाबा तापातसुद्धा धारेकडेच बघत होते. ताप पूर्ण गेल्यावर जुन्या नळीवरची खर लेझरने फोडून ती काढली. पण धातूच्या स्टेंटसाठी सही करायची वेळ आली तेव्हा पेन धरेनात. बाईंनी खुर्ची ओढली आणि सांगेपर्यंत बसते म्हणाल्या. तेव्हा कुठे बोलले.

त्यांच्या खात्यात जी लाईन बाद ठरते, तिला लोखंडी पट्टा आवळतात, लाल फुली मारतात आणि वर्षभर ढकलतात. बाईंच्या तोंडून धातू आणि वर्ष असे दोन शब्द ऐकले आणि त्यांनी धरलं, की आपली किडनी बाद झाली, बाई फक्त तोंडावर सांगत नाहीत. म्हणून बाकावरून उठले. आपल्याला सांगायचं धाडस झालं नाही.

बाई हसल्या नाहीत. नमुन्याचा स्टेंट त्यांच्या हातात दिला. बारीक तारेचा गच्च वळलेला, दोन्ही टोकांना आकडा. वण आवळतो तेव्हा प्लॅस्टिक दबतं, हे सहसा दबत नाही, आणि लाईन चालवायची आहे म्हणूनच हे घालतेय, असं त्या म्हणाल्या. यावरही खर चढू शकते, तो जागचा हलू शकतो, तेव्हा दर तीन महिन्यांनी तपासणी हवीच, हेही सांगितलं. बाबांनी तो वाकवला, नखाने दाबला, गंजतो का ते विचारलं आणि सही केली.

स्टेंट घालून आज पाच दिवस झाले. किडनी थोडी खचली आहे, पण चालते आहे. मशीन लागणार नाही. चार दिवस डाग होता, कपडे मी धुतले. पहिली सोनोग्राफी तीन एप्रिलला, तोवर माझ्याकडेच राहतील.

बोलणी कमी पडली तर चुकल्यासारखं वाटतं, तेव्हा लिही.

ठकी

९ मार्च

ठकी, हे बापाला वाचून दाखव. मोठ्याने.

फिटरसाहेब, लाईन बाद ठरवायला पाणीखात्यातसुद्धा साहेबाची सही लागते. तू बाकावर बसून स्वतःवर लाल फुली मारलीस, सही कोणाची घेतलीस? लहानपणी तुझी आशा दोन डॉक्टरांनी सोडली होती. मी त्यांनासुद्धा फुली मारू दिली नव्हती.

पिशवी अजून कपाटात आहे. चावी मुकादमाने माझ्याकडे दिली आहे.

आता नीट ऐक. आजवर तू काहीही सांगितलंस तरी तुझे कपडे मला खरं सांगायचे. आता वर्षभर नळी बदलायची नाही, म्हणजे डागही नाही. तू तपासणीला गेलास की बाकावरून उठून आलास, हे मला बादलीत दिसायचं नाही. मी कितीही धुतलं तरी दिसायचं नाही. तेव्हा ते काम आता तुलाच करावं लागेल.

तीन एप्रिलला सोनोग्राफी झाली की त्याच दिवशी पत्र टाकायचं. नाव किती वाजता पुकारलं, बाई काय म्हणाल्या, सगळं. हॉस्पिटलचा कागद सोबत जोडायचा, कारण पत्रात शीळ ऐकू येत नाही.

ठकीने उत्तर लिहायचं नाही. मुकादमाने निरोप आणायचा नाही. तू लिहायचंस, तुझ्या हाताने.

आई