राखाडी बॅग कुणी उतरवली?

२ मे

सुटीला आठवडा. तळ्याकाठचं गेस्ट हाऊस. आई, बाबा, दादा, वहिनी, मी. कपडे ज्याचे त्याने भरायचे. राखाडी बॅग माझी.

राखाडी बॅगेत कपडे नसतात. निघताना कुणाला आठवत नाहीत आणि पोचल्यावर सगळ्यांना आठवतात, अशा वस्तू असतात. आतापर्यंत: चिमटे, डक्ट टेप, नायलॉनची दोरी, शॉवर कॅप (चिखलाच्या बुटांवर चढवायला), बेसिनचं चपटं बूच, टेनिस बॉल (बाबांच्या पाठीसाठी), एक्स्टेन्शन बोर्ड, दाराखाली सरकवायची रबरी पाचर.

वहिनीने विचारलं, अगं, आपण सुटीला चाललोय की धरण बांधायला? मी हसले. टीका मला चालते.

४ मे

उतार मोजायची स्पिरिट लेव्हल घेतली. गेस्ट हाऊसचे पलंग डोक्याकडे उतरते असू शकतात, मग मान धरते. दादा म्हणाला, क्यूसी, तळ्याचं पाणी सपाट आहे का तेही बघून घे.

दादा मला क्यूसी, म्हणजे क्वालिटी कंट्रोल, म्हणतो. मी वॉशिंग मशीनच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. आमच्याकडे एक यंत्र दिवसभर मशीनचं दार उघडतं आणि लावतं, आणि मी ते दार मोडायची वाट बघते. मोडतंच. हे घरी कुणाला पटत नाही.

फक्त बाबांना पटतं. त्यांना बॅग उघडून दाखवली. पेपरातून मान वर न करता म्हणाले, वा. गेल्या वर्षी पाचर घट्ट बसून आई बाथरूममध्ये अडकली, तेव्हाही माझ्या बाजूने एकटे बाबाच बोलले. (पाचर शेवटपर्यंत हलली नाही. हे कुणी लक्षात घेत नाही.)

८ मे

उद्या निघायचं. वहिनी चिमटे काढून त्या जागी हेअर ड्रायर ठेवताना सापडली. मी तिला सौम्य शब्दांत समजावलं. शेजारच्यांनी बेल वाजवून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

बॅगेच्या हँडलला कार्ड बांधलं: हात लावू नये. चौघांना समोर बसवून तोंडीही सांगितलं. बॅग दारामागे उभी केली, म्हणजे निघताना सहज हाताला येईल.

९ मे, दुपार

पोचलो. डिकी उघडली. राखाडी बॅग नाही.

शांतपणे विचार केला. सामान दादा आणि बाबांनी खाली नेलं. मी मागे राहून गॅस, नळ, खिडक्या बघितल्या. दार मीच ओढून घेतलं, कुलूप हलवून पाहिलं. म्हणजे माझ्या बाजूने चूक संभवत नाही. बॅगेला पाय नाहीत. ती गाडीत चढली होती आणि कुणीतरी उतरवली.

बोलायचं नाही, असं ठरवलं. गुन्हेगार वेगळा वागतो, त्यावरून पकडता येईल.

९ मे, संध्याकाळ

चौघेही अगदी नेहमीसारखे वागत आहेत. म्हणजे चौघेही सामील आहेत.

१० मे

मला फक्त एक बिघाड हवा आहे. एकच. मग कुणीतरी म्हणेल, अरे, तिची बॅग आण. मग मी विचारेन, कुठे आहे बॅग? आणि मग माझ्या डोळ्यांत बघून त्यांना सांगावं लागेल.

सकाळी तळ्यात डुंबून आले सगळे. मी काठावर. ओले कपडे गॅलरीत टाकले, वारा सुटला. मी पुढे सरसावून बसले. वहिनीने केसांतल्या क्लिपा काढून कपड्यांना लावल्या. आई म्हणाली, हुशार गं माझी सून.

दहा रुपयांच्या क्लिपा.

११ मे

खोलीत प्लग एकच. आता भांडण होणार, याची खात्री होती. यांनी आळीपाळीने मोबाइल चार्ज केले आणि बाकीचा वेळ पत्ते खेळले. बाबा तर म्हणाले, बरं झालं प्लग एकच आहे, नाहीतर सगळे मान खाली घालून बसले असते. हे माझ्याकडे बघून म्हणाले. इतका थंडपणा मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता.

खिडकीतून पहाटे ऊन डोळ्यांवर येतं. काचेला लावायचा काळा कागद बॅगेत. बाबांनी तोंडावर टॉवेल घेतला आणि घोरायला लागले.

आईच्या पलंगाला उतार आहे. नुसत्या डोळ्यांना दिसतो. आईला विचारलं, झोप कशी लागली? म्हणाली, वर्षभरात अशी लागली नव्हती. काहीही मोजमाप न करता असं विधान करायचं म्हणजे कमाल आहे.

१२ मे, सकाळ

आईला एकटीला गाठलं. सहज विचारतेय असं दाखवून विचारलं, निघताना सामान कुणी कुणी उचललं गं? म्हणाली, सगळं या दोघांनी. तुझी बॅग सोडून. तिला कोण हात लावणार बाई, तू एवढी डोळे वटारून सांगितलं होतंस. ती तूच आणली असशील.

जबाब आधीपासून पाठ केलेला वाटला. असो. आईला फार ताणणं बरं नाही.

१२ मे, दुपार

दादा-वहिनी कुजबुजत होते. मी आल्यावर गप्प. थोड्या वेळाने वहिनी माझ्यासाठी चहा घेऊन आली, शेजारी बसली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाली, कोणी आहे का? मी म्हटलं, कोण? ती म्हणाली, होता का? मला सांग, मी तुझ्या दादालासुद्धा कळू देणार नाही.

पाठोपाठ दादा. जॉब गेला का गं? गेला तर गेला, खड्ड्यात जाऊ दे ती वॉशिंग मशिनं, घरी बस थोडे दिवस.

लक्ष दुसरीकडे वळवण्याचा हा जुना डाव आहे. वहिनीने जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. अपराधीपणा.

१३ मे

उद्या परत. अजून बिघाड नाही. आज बाबांच्या चपलेचा अंगठा तुटला. तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला! मी उभी राहिले. आता बोलतील. बाबांनी दुसरी चप्पलही काढली, दोन्ही हातात घेतल्या आणि म्हणाले, वा, गवत किती गार आहे. मग चौघेही अनवाणी चालले. मी बूट घालून मागे.

जेवणाच्या टेबलावर संयम संपला. मी सांगितलं, की मला सगळं माहीत आहे. वहिनीच्या हातातला चमचा पडला. मी सांगितलं, की बॅग उतरवली त्याचं मला दुःख नाही, लपवलं त्याचं आहे.

दादाने विचारलं, कुठली बॅग?

मी म्हटलं, राखाडी.

दादा म्हणाला, ती नाही आली का? आणि वहिनीकडे बघितलं. वहिनीने आईकडे. आईने बाबांकडे. दादा म्हणाला, थांब, म्हणजे तू इतके दिवस तोंड पाडून बसलीयेस ते चिमट्यांसाठी? आम्ही तुझ्या ऑफिसात फोन करणार होतो! वहिनी हसायला लागली, मग तिला रडू आलं, मग पुन्हा हसायला लागली. म्हणाली, मी त्या मेल्या मुलाला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या, आणि तो नाहीच!

इतके दिवस. आणि चौघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मी उठून बाहेर गेले. कट होता, असं मानणं अजूनही जास्त शास्त्रीय आहे. चार माणसांना एवढी मोठी बॅग दिसू नये, हे शक्य नाही.

१३ मे, थोड्या वेळाने

बाबा आले. बाकावर बसले. तळ्याकडे बघत म्हणाले, मीच काढली.

मी विचारलं, का?

म्हणाले, जड होती.

कुठे ठेवली? म्हणाले, अं, माझ्या पलंगाखाली. रंग विचारला. म्हणाले, लाल. बॅग राखाडी आहे, पण वयामुळे तपशील मागेपुढे होतात. कबुली महत्त्वाची.

ज्या एका माणसावर विश्वास होता, त्यानेच. तसं त्यांना म्हणालेसुद्धा. बाबा म्हणाले, हो गं, चुकलंच माझं. आता आत चल, आई जेवली नाहीये.

आत गेले. खूप भूक लागली होती. कित्येक दिवसांनी मन हलकं वाटलं. विश्वासघातातही एक स्पष्टता असते.

१४ मे

घरी पोचलो. बाथरूमला जायचंय असं सांगून किल्ली घेतली आणि सगळ्यांच्या आधी जिना चढले.

दार उघडलं, आत गेले, दार लोटलं. दारामागे राखाडी बॅग. मी जशी उभी केली होती तशीच, हँडल भिंतीकडे, कार्ड पुढे.

पुराव्याची जागा चुकीची होती. कबुलीजबाबात पलंगाखाली असं स्पष्ट म्हटलं आहे. मी बॅग उचलली आणि बाबांच्या खोलीत नेली. पलंगाखाली अर्धी गेली आणि अडकली.

मागे कुणीतरी धापा टाकत होतं. बाबा. दोन मजले ते एका दमात कधी चढत नाहीत. त्यांनी बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, आडवी कर, उभी नाही जायची. मग दोघांनी मिळून ढकलली.

तेवढ्यात आई आली. हे काय चाललंय? बाबा गुडघ्यांवरून उठत म्हणाले, ही बघ, इथेच लपवली होती मी. आई म्हणाली, अहो, लाज कशी वाटत नाही तुम्हाला? पोरीची सगळी सुटी वाया घालवलीत! तरी मी म्हणत होते, हे एवढे गप्प का! बाबा मान खाली घालून ऐकत होते. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

निकाल लागलेल्या प्रकरणात पुन्हा साक्ष देऊ नये.

आईने सगळ्यांना चहा केला, बाबांना दिला नाही. मी माझ्यातला अर्धा त्यांच्या कपात ओतला. कारण नोंदवण्याची गरज वाटत नाही.