उभ्या बैठकीसाठी एक खुर्ची

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार घातला असं समजा. (खरोखर घालायला इथे जागा नाही. गोदामभर चाकांच्या खुर्च्या पसरल्यात आणि त्यातल्या एकीचं चाक मघापासून माझ्या पायावर आहे.) तुमची पाठ कशी आहे? मामीचा खोकला थांबला का? तुमचा तो मोठा रंदा अजून खुंटीला आहे, की मी न सांगता निघालो त्या दिवशी माझ्या नावाने कुठेतरी फेकलात? मी मजेत आहे असं लिहिणार होतो, पण तुम्ही अक्षरावरून ओळखाल.

तुमच्या सुतारकामाच्या कारखान्यातून निघाल्यावर मी फोटोवाल्याकडे होतो, मग बस धुतल्या, मग एका जादूगाराची पेटी उचलली (त्यात काहीच नसतं मामा, पण वजन फार). सध्या ज्या कंपनीत आहे ती आजाऱ्यांच्या घरी पलंग, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या भाड्याने देते. पलंग पोचवणं आणि परत आणणं हे माझं काम. तळमजल्यावर काउंटर आणि काउंटरवर बाई. त्यांना सगळे बाईच म्हणतात, मालकसुद्धा. अगदी वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवाली मंडळी आणि त्यांचा म्होरक्या दाढी. (त्याला नावही असेल, पण ते दाढीच्या मागे कुठेतरी आहे.) ही मंडळी काउंटरसाठी नवा प्रोग्रॅम बनवत होती.

मालकांनी मध्येच एक शिकवणारे गृहस्थ आणले. त्यांनी भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या डकवल्या आणि जाहीर केलं की आजपासून आपण अजाईल. म्हणजे काय, तर ज्यांना प्रोग्रॅम वापरायचाय ते आणि जे बनवणार ते, दोघांनी रोज सकाळी भेटायचं, थोडं थोडं करून दाखवायचं, चुकलं तर तिथल्या तिथे बदलायचं. यात शिकवण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. तुमच्याकडे कपाट होत असताना गिऱ्हाईक रोज येऊन डोकं खायचंच की! निरोपावर तर तुम्ही कधी माप घेतलं नाहीत. त्या वकिलाने ड्रायव्हरकरवी टेबलाचं माप पाठवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "टेबलाशी ड्रायव्हर बसणार असेल तर करतो." मी तेव्हा पोट धरून हसलो होतो. आता ती आठवण आली की हसू येत नाही.

तर गृहस्थांचा नियम असा की बैठक उभ्याने घ्यायची. बसलं की लोक पसरतात. उभं राहिलं की पाय दुखतात आणि बोलणं आटोपतं. छानच. पण बाईंचे गुडघे पार गेलेले आणि इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या दिवशी त्या कठडा धरून वर गेल्या (दाढी नेमका त्या दिवशी रजेवर). कोणीतरी खुर्ची सरकवली, तर म्हणाल्या, "सगळे उभे आणि मी एकटी खाली बसू? मी काय पेशंट आहे?" उभ्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी त्या नुसत्याच वर बघत थांबलेल्या दिसल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, तुम्ही कशाला चढताय? मला सांगा, मी वर सांगतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं मामा, की जणू मी कोणी कामाचा माणूस आहे. दुपारी स्वतःच्या डब्यातला अर्धा डबा दिला. एवढं झाल्यावर कोण मागे फिरणार?

सुरुवातीला झकास चाललं. बाई म्हणायच्या, "त्या वरच्या शहाण्यांना सांग, मला हा पडदा माझ्या वहीसारखा हवाय, अगदी तांबड्या रेघेसकट." मी वर सांगायचो, बाईंना तुमचं काम फार आवडलं, एक तांबडी रेघ तेवढी मारा. दाढी म्हणायचा, "काउंटरला म्हणावं, मागण्याआधी जरा डोकं वापरा." मी खाली येऊन सांगायचो, वर तुमच्या डोक्याचं कौतुक चाललंय. (खोटं नाही म्हणता येणार. डोक्याचा विषय निघालाच होता.) एकमेकांचं तोंड न बघता दोन्ही मजल्यांचं असं गूळपीठ जमलं की बाई एकदा म्हणाल्या, "दाढी वाढवलेला असला तरी मुलगा गुणी दिसतो." जिन्यात मला स्वतःचा इतका अभिमान वाटायचा की कधी कधी मी मधल्या मजल्यावर थांबून शीळ घालायचो. तिथे खिडकीतून समोरचं कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान दिसतं. तो माणूस डोळे मिटून कुलूप उघडतो. पण ते जाऊ दे.

मग एका सकाळी बाईंनी मला एक लांबलचक गोष्ट सांगितली. त्यातला अर्धा भाग त्यांच्या आईच्या आजारपणाचा होता आणि तेव्हा माझं लक्ष एका नवीन कुबडीकडे होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "पलंग परत आला की घरच्यांशी दोन शब्द बोलायला हवेत. ते मी स्वतः बोलते. त्याआधी पलंग का परत आला ते मी आणणाऱ्याला विचारते. हे त्यांना नीट सांग." मी वर गेलो. वर सगळे घाईत होते, माझे पाय दुखत होते (नियमाप्रमाणेच), म्हणून मी थोडक्यात सांगितलं: बाई म्हणतात, पलंग परत आला की घरच्यांना दोन शब्द हवेत. दाढी म्हणाला, "मस्त! सोपं आहे." त्याच आठवड्यात त्यांनी ते बसवून टाकलं.

पलंग परत येण्याची कारणं दोनच असतात मामा. माणूस हिंडूफिरू लागतो, नाहीतर माणूसच राहत नाही. हे मला माहीत होतं. पलंग तर मीच उचलून आणायचो.

एका मुलीच्या वडिलांचा पलंग मी परत आणला. तिने दाराशी मला पाणी दिलं होतं. मी गोदामात पलंग टेकवतोय तोवर तिच्या फोनवर निरोप पोचला: "अभिनंदन! आपला पलंग परत मिळाला. पुन्हा सेवेची संधी द्यावी. आपल्या, काउंटरच्या बाई." ती काउंटरवर आली, भांडली नाही, फक्त फोन बाईंपुढे धरला. बाईंनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग काउंटरच्या कडेला धरून त्या उभ्या राहिल्या आणि हात जोडले. ती मुलगी गेल्यानंतरही बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या.

मालक खाली आले. "रोज तुमच्या बाजूचा माणूस वर हजर होता. तुम्हाला मान्य नव्हतं तर बोलला का नाहीत?" बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "चुकलं माझं." एवढंच. महिनाअखेरीला काम सोडते म्हणून सांगून टाकलं. मला त्या दिवशी बोलायला तोंड होतं, रोज दोन्ही मजल्यांच्या वतीने चालवत होतो तेच. पण ते उघडलं नाही. दुपारी डबा अर्धा करून माझ्यापुढे ठेवलेला होता. तो मी झाकण लावून परत काउंटरवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन दाढीला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे इतके दिवस आमचं कौतुक तूच करत होतास?" मग तो पहिल्यांदाच जिना उतरून खाली आला आणि काउंटरवर विचारलं, "बाई कोण?" बाई म्हणाल्या, "तू दाढी का? मला वाटलं, मोठा असशील." तो निरोप त्याने बंद केला आणि खूप वेळ बाईंचं ऐकत उभा राहिला. शेवटी बाईंनीच त्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं. मालकांनाही त्याने सांगितलं की चूक जिन्यात झाली. (नाव घेतलं नाही, पण जिन्यात मी एकटाच असतो.) यापुढे बैठक खाली, काउंटरपुढे भरेल असं ठरलं. बाई मात्र अडून बसल्यात. म्हणजे बसतच नाहीत. "सगळे उभे असताना मी खाली बसणार नाही, आणि उभं मला राहवत नाही. मला जाऊ दे."

मामीला नमस्कार. माझी आठवण काढत असाल तर थोडी कमी रागाने काढा.

तुमचा,
पळपुटा भाचा

ता. क. उभ्या माणसाच्या नजरेला नजर भिडेल एवढी उंच खुर्ची करता येते का? पाय टेकायला आडवी पट्टी, हाताला आधार, आणि चढायला सोपी. महिनाअखेरीच्या आत हवी आहे. पत्र खरं तर यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरं. माप सोबत लिहून पाठवणार होतो. अंदाजाने लिहिलंही होतं. मग ड्रायव्हर आठवला आणि फाडून टाकलं. तुम्हीच या. बाईंना समोर बसवून विचारा. मी मध्ये बोलणार नाही, गोदामात थांबेन.

ता. क. शेवटचं. तुम्ही रविवारी येताय आणि आपणहून म्हणालात, असं मी बाईंना सांगून बसलोय. त्या बऱ्याच दिवसांनी हसल्या. तेवढं सांभाळून घ्या.