रिकामी टोपली

रविवार, २१ सप्टेंबर

आज ओहोटीला खाडीच्या चिखलात आमच्या ग्रुपने कांदळाची, म्हणजे खारफुटीची, रोपं लावली. काठाची धूप थांबावी म्हणून. कडेला एक बाई रिकामी टोपली घेऊन कधीची उभी होती. बघायला आली असेल, असं समजून मी तिलाच आमचा फोटो काढायला लावला. तिने काढलाही. मग म्हणाली, "तुमचं होऊ दे, बाय. मी चिखलातल्या शिंपल्या, तिसऱ्या काढाया आलंय."

"इथे मिळतात?"

"आमच्या वाडीतल्या बायका इथंच तर येतात."

तोवर भरती लागली. टोपली तशीच रिकामी घेऊन ती गेली. लावण्याआधी वाडीत कुणाला विचारावं, हे मला सुचलं कसं नाही?

ग्रुपवर तिने काढलेला फोटो फिरतोय. सगळे लिहितायत, रोपं जगू देत.