तिन्ही शून्य

हैदराबाद,
२४ ऑगस्ट २०२५

ती. स्व. अप्पांस,
सौ. प्रणिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आईंनी फोन धरला की त्यांना रडूच येतं, म्हणून लिहिते. यांच्या रक्ताच्या आजारावरचं दुसरं औषध परवा सुरू झालं. अंगात जराही ताकद उरली नाही. संसर्गाच्या भीतीनं कुणालाच भेटायला सोडत नाहीत. मीसुद्धा तोंड बांधून बसते. डॉक्टर स्पष्ट काही सांगत नाहीत.

स्वतःच्या दुखण्यावर हे चकार शब्द काढत नाहीत. बोलतात ते हॉलमधल्या टाकीतल्या पाच माशांबद्दल. म्हणतात, अप्पांना लिही, ते सिक्लिड आफ्रिकेतल्या तळ्यातले हायत, आपल्या मुडबीचं क्षाराचं जड पाणी त्यांना मानवतंय, पण एकाएकी झालेला बदल सोसत न्हाई. हीटर सव्वीसवर ठेवायचा. रविवारी चौथा हिस्साच पाणी बदलायचं, तेही दोन दिवस बादलीत ठेवलेलं. तपासणीच्या बाटल्यांतले थेंब टाकीतल्या थोड्या पाण्यात टाकून रंग बघायचा: अमोनिया आणि नायट्राइट शून्यच पाहिजे, नायट्रेट चाळीसच्या वर नको. हे आकडे दर आठवड्याला कळवा. सध्या ते दुसऱ्या कशाचीच वाट बघत नाहीत.

तुमचा हात आमच्या पाठीवर असाच असू द्या.
सौ. प्रणिता


मुडबी,
९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. प्रणितास अनेक आशीर्वाद.

पाकिटात दोन कागद आहेत. हा तुझ्यापुरता. श्रीहरीला फक्त दुसरा वाचून दाखव.

एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि म्हातारपणी पोरानं मला प्रयोगशाळेचा शिपाई केलं, असं गेल्या पत्रात चेष्टेनं लिहिलं होतं. शिपाई नालायक निघाला. रविवारी रात्री ग्रहण होतं. सोमवारी सकाळी मी देवळातून येईपर्यंत तुझ्या सासूनं, सुमतीनं, घरात भरून ठेवलेलं सगळं पाणी ओतून दिलं होतं. रांजण, घागरी, हंडे, आणि टाकीसुद्धा. मासे बादलीत काढले, काच लख्ख घासली आणि नळाचं ताजं पाणी भरलं. पावसाळ्यात पंचायत त्यात किती ब्लीचिंग टाकते ते तुला ठाऊक आहे. हीटर चालूच राहिला होता. कोरडा तापला आणि गार पाणी पडताच तडकला.

हे कामून केलंस, म्हणून मी ओरडलो. ती म्हणाली, दुखणं असलेल्या घरात गिऱ्हाणाचं पाणी ठेवत न्हाईत, माझ्या लेकराला बाधंल. दुपारी मासे आडवे झाले, दिवस मावळेपर्यंत पाचही गेले. परसात लिंबाखाली पुरले.

तेव्हापासून ती पानावर बसते आणि तशीच उठते. अपशकुन झाला म्हणते. मला भीती एकच आहे, श्रीहरीला कळलं तर तो हाय खाईल. एकाही पोराला वहीत खोटं निरीक्षण लिहू दिलं नाही मी. आज स्वतः लिहितोय, तू सांभाळून घे.

गुंडेराव

(दुसरा कागद)

चि. श्रीहरीस आशीर्वाद. तापमान सव्वीस. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. गेल्या खेपेला नायट्रेट वीस होतं, तेही मी शून्यावर आणलं आहे, आता बोल! मासे मजेत. पिवळा निळ्याला कोपऱ्यात फिरकू देत नाही.


हैदराबाद,
१५ सप्टेंबर २०२५

ती. स्व. अप्पांस,
सौ. प्रणिताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा पहिला कागद मी बाहेर जिन्यात बसून वाचला आणि फाडून टाकला. दुसरा त्यांना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावला. मग हसले आणि म्हणाले, अप्पांनी लई मेहनत घेतल्याय, त्यांना सांग दर आठवड्याला धाडा. किती दिवसांनी हसले! आईंना जेवायला लावा. या खोट्यात अर्धा वाटा माझा आहे, तुम्ही एकट्यानं मनाला लावून घेऊ नका.

लेकीसारखी माया करता, ती आटू देऊ नका.
सौ. प्रणिता


मुडबी,
२९ सप्टेंबर २०२५

चि. श्रीहरीस अनेक आशीर्वाद.

तापमान सव्वीस, बाकी तिन्ही शून्य. तुझी आई माशांना भाकरीचा चुरा टाकायलीय, मी रागावतोय. लवकर ये आणि तूच तिला समजाव.

तुझा प्रयोगशाळेचा शिपाई,
अप्पा


मादन हिप्परगा,
३० ऑक्टोबर २०२५

ती. स्व. अप्पांस,
प्रणिताचा शि. सा. न. वि. वि.

तेराव्यानंतर धनराजदादानं मला माहेरी आणलं, त्याला आता बारा दिवस झाले. तिथं तुमच्यासमोर बोलायचा धीर झाला नाही, ते आज लिहिते.

त्यांना ठाऊक होतं, अप्पा. पहिल्याच दिवशी, दुसऱ्यांदा वाचल्यावर हसले आणि मला म्हणाले, मासे मेलेत व्हय गं? मासे जिवंत असले की त्यांच्या घाणीचं नायट्रेट होतंच, ते शून्य झालं म्हणजे टाकीत कुणी राहिलं न्हाई. आईनं गिऱ्हाणाचं पाणी ओतलं असंल, हेही त्यांनीच ओळखलं. मग मी सगळं सांगून टाकलं. पण अप्पांना कळू देऊ नको म्हणाले, त्यांना लिहू दे, ते लिहायलेत तोवर त्यांचा दिवस जायलाय. तुमची सगळी पत्रं उशाखाली असायची.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी औषधाच्या कागदामागे दोन ओळी लिहिल्या. घरी गेल्यावर मीच देईन म्हणाले होते. सोबत जोडते.

मला परकी करू नका.
प्रणिता

(चिठ्ठी)

अप्पा, पुढच्या खेपेला नायट्रेट वीस लिहा, नाहीतर परीक्षक पकडतो. आईला सांगा, हीटर मीच हलका आणला होता, मासे त्यानंच गेले.


मुडबी,
४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. प्रणितास अनेक आशीर्वाद.

सवयीनं सौ. लिहून गेलो. खोडवत नाही, राहू दे.

चिठ्ठी सुमतीला वाचून दाखवली. तिनं ती हातात घेतली, अक्षरावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, हीटर चांगला होता, लहानपणापासून मला वाचवायला असंच खोटं बोलायचा. मग ती पोटभर रडली. महिनाभरात पहिल्यांदाच असं रडली.

दहाव्याला सुतक फिटलं तेव्हा तू आतल्या खोलीत होतीस, तुझ्या लक्षात आलं नसेल. घर धुतलं, तिनं सगळी भांडी उपडी करून ताजं पाणी भरलं. टाकीला मात्र हात लावला नाही, आणि मलाही तिचं पाणी बदलू देत नाही. श्रीहरीला जुनं पाणी लागतं म्हणते.

मन घट्ट झालं की ये, हे घर तुझंच आहे. आज रविवार नसतानाही मी थेंब टाकून पाहिले. आठवड्याचा आकडा कुणाला तरी कळवल्याशिवाय राहवत नाही, म्हणून तुला लिहितो. तापमान तेवीस, हीटर नाही. बाकी तिन्ही शून्य. या खेपेला खरं लिहिलं आहे.

तुझा,
अप्पा