कच्चं पाणी

चाचा, पाण्याच्या तक्रारीत आपण सगळे सोलापूरकर एकाच रांगेतले. चार दिवसांनी, कधी पाच दिवसांनी नळ येतो, आणि आला की माणूस दिसेल ते धुवत सुटतो. तुमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात त्या नळावरून रोज शिव्या निघायच्या, सगळ्यांत मोठ्या आवाजात माझ्या. त्याच नळाखाली मी गुरुवारी जे केलं ते सांगायला बसलोय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणूनच धीर होतोय.

ती दुपार आठवते. माझी नवी काचेची टाकी आदल्या दिवशीच भरलेली, पाणी आरशासारखं, आणि मी तुमच्याकडे बारा मासे मागतोय. तुम्ही जाळी खाली ठेवता. "पानी कच्चा है अभी. तीन ले जाओ." मी पेटतो. गिऱ्हाईकाचा हक्क, दुकानदाराची मुजोरी, भर दुकानात दहा मिनिटं बोलतो. तुम्ही सगळं ऐकून घेता. "भाषण अच्छा देते मियाँ. पन मछली ताली नै बजाती." लोक हसले. मग तुम्ही स्वतःच्या टाकीतल्या फिल्टरचा काळा, बुळबुळीत स्पंज पाण्यासकट पिशवीत घालून माझ्या हातात दिलात. माशांची घाण पचवणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव यात राहतात म्हणालात. ते पुरेसे वाढले की पाणी पिकतं, तोवर तीनच मासे. "धोना हुआ तो टाकी के पानी में धोओ. नल के नीचे नक्को. नल की दवा इनकू मार डालती."

तो स्पंज मी इतकी वर्षं जगवला. झिजायला लागला की शेजारी नवा ठेवायचा, जुन्यातले जीव नव्यात उतरायचे. त्याच वंशातला एक दोन महिन्यांपूर्वी मुलांच्या वाचनालयातल्या टाकीत घातला, मोली जातीचे तीन मासे सोडले. रोज छोट्या बाटलीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर पाण्यात विष नाही, हिरवं झालं तर आहे. त्या विषाचं पुढे दुसरं विष होतं, त्याचीही वेगळी तपासणी. दोन्ही आठवडाभर निर्मळ आल्या, तेव्हा मी वाचनालयाच्या सभेत जाहीर केलं की रविवारी चार मुलांच्या हातून आणखी चार मासे सोडू. टाळ्या पडल्या.

गुरुवारी नळ आला. समारंभ जवळ आलेला. मी फरशी धुतली, जाळ्या धुतल्या, आणि हात थांबेना. फिल्टर उघडला, स्पंज घाणेरडा दिसला. नळाखाली धरून पिवळाधमक होईपर्यंत धुतला. माझ्या डोक्यात तेव्हा तुम्ही नव्हतात, चाचा. पाणी जाईल एवढंच होतं.

आज सकाळी मोली वर येऊन धापा टाकताना दिसल्या. बाटली हिरवी. वाचनालयाचे सचिव झाडलोट करणाऱ्या मावशींवर धावले, "काय ओतलंत टाकीत? फिनेल?"

"न्हाय ओ सायेब, म्या हातबी लावला न्हाय." मग माझ्याकडं वळून, "सर, तुमी तरी सांगा की."

आणि गरिबांच्या बाजूने टेबलावर मुठी आपटणारा मी, खाली बघून बाटली विसळायला लागलो.

पिंपात साठवलेल्या, नळाची दवा उडून गेलेल्या पाण्यानं निम्मी टाकी बदलली आहे. मोली तगतील. संध्याकाळी घरच्या टाकीतला अर्धा स्पंज कापून इथं आणणार आहे. पण पाणी पुन्हा कच्चं झालं. सचिव म्हणतात, "काच चकाचक दिसतेय, सोडून टाका मासे, फोटो होऊ द्या. मावशींचं काम उद्यापासून बंद." मावशी मात्र अजून मंडपातल्या खुर्च्या पुसताहेत.

हे पत्र टाकीखालच्या खणात राहील. खरं सांगू? सकाळी मला मोलींपेक्षा, मावशींपेक्षा, त्या सभेतल्या टाळ्यांची काळजी जास्त वाटली.

पाच वाजत आले. चारही मुलं नव्या माशांच्या पिशव्या छातीशी धरून दारात उभी आहेत. माईक सुरू आहे, आणि मला एवढंच बोलायचं आहे: मावशींनी काही केलेलं नाही. स्पंज मी धुतला. मुलांनो, पिशव्या उघडू नका; मासे आत्ताच्या आत्ता, आणले त्या दुकानात परत नेऊन द्या.